खैरनार मावशींनी सोडलेली सीट

खैरनार मावशी माणसाला नाव विचारायच्या आधी राउंड विचारायच्या. आमच्या नाशिकच्या सातपूर कॉलनीत कुणाकडे नवा जावई आला, की बाकीच्या बायका त्याचं गाव विचारणार, पगार विचारणार. मावशी पदर खोचून पुढे यायच्या आणि थेट म्हणायच्या, "इंजिनिअर ना? कुठल्या राउंडला लागला होतास?" जावई बिचारा चहाचा कप हातात धरून आठवत बसायचा. तिसऱ्या राउंडला म्हणाला, की मावशी मान डोलवायच्या. "म्हणजे मेकॅनिकल." आणि असायचा हो तो मेकॅनिकलच!

ज्यांच्या घरात बारावीचं पोर नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे इंजिनिअरिंगला जायचं तर आधी सीईटी द्यायची, तिचे पर्सेंटाइल येतात, मग कॉलेजांची आणि शाखांची पसंती भरायची आणि मग फेऱ्याफेऱ्यांनी जागावाटप होतं. त्या फेऱ्या म्हणजे राउंड. वरच्या पर्सेंटाइलवाल्यांनी कॉम्प्युटर घ्यायचं, मधल्यांनी इलेक्ट्रॉनिक्स, आणि उरलेल्यांनी जे उरलंय ते. पोराच्या डोक्यात काय आहे, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

मावशींनी एका इंजिनिअरिंग कॉलेजाच्या प्रवेश विभागात, काउंटरच्या आत बसून, उभं आयुष्य काढलं होतं. निवृत्त झाल्या तरी काउंटर काही सुटलं नाही, ते त्यांच्या ओट्यावर आलं. जून लागला की फायली घेतलेल्या आया ओट्यासमोर चपला काढून उभ्या. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गवार मोडत असायच्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला, आणि तोंडानं चाळीस कॉलेजांचे कटऑफ सुरू. खैरनार काका आतून सगळ्यांना पाणी आणून द्यायचे. काका बोलायचे नाहीत. बोलायची वेळच त्यांच्यावर कधी आली नसावी.

मावशींचे काही कायदे होते. "पसंती मनातली नाही भरायची, कटऑफ बघून भरायची." "हातात आलेली सीट सोडायची नाही, काय वाट्टेल ते झालं तरी." आणि सगळ्यात लाडका कायदा, जो त्या समोरच्याकडे गवारीची शेंग रोखून सांगायच्या, "मला नियम विचार, मत विचारू नको. मत कुणीही देतं, फुकट असतं!" कुणी चुकीची माहिती देऊन पोराचा प्रवेश घालवला असं कळलं, की मात्र त्यांचा पारा चढायचा. माहेर देवळ्याचं, त्यामुळे रागावल्या की शुद्ध मराठी गुंडाळून ठेवायच्या आणि अहिराणी बाहेर यायची. "हाई काय शे?", म्हणजे हे काय आहे, असं त्यांनी विचारलं की समोरचा मुकाट्यानं फाईल उचलायचा.

मी आफरीन. मावशींच्या घरापासून तिसरं घर आमचं. अब्बूंची सातपूरला एका शेडमध्ये दोन लेथ मशीन आहेत, कंपन्यांची छोटी कामं घेतात. कंपनीचे इंजिनिअर ड्रॉइंग घेऊन यायचे, अब्बू ते टेबलावर पसरून बघायचे आणि खालच्या कोपऱ्यातल्या सहीवर बोट ठेवायचे. "बघ बेटा, ही सही असल्याशिवाय मशीन चालू होत नाही. उद्या इथे तुझी सही आली पाहिजे." मी लहानपणापासून हे इतक्या वेळा ऐकलं होतं की शाळेत वहीच्या प्रत्येक पानाखाली कोपऱ्यात सही ठोकायचे.

पण त्याच शेडमध्ये माझं डोकं फिरलं. लेथवर पोलाद कापताना जो गुंडाळलेला कीस पडतो ना, तो निळा पडतो. काही ठिकाणी निळा, काही ठिकाणी पिवळसर, मध्येच जांभळा. मी विचारलं, निळा का? अब्बू म्हणाले, तापतो म्हणून. ते बरोबरच होतं. पण तापलं की निळाच का, हिरवा का नाही? शेडमध्ये आलेल्या प्रत्येक इंजिनिअरला मी हे विचारून सतावलं. अकरावीत पुस्तकात सापडलं: पोलादावर एक अतिशय पातळ थर चढतो, उजेड त्या थराच्या वरूनही परततो आणि खालूनही परततो, आणि दोघांची गाठ पडली की काही रंग विझतात, काही उरतात. रंग नव्हताच मुळी तिथे, नुसती जाडी होती! मी ते पान हातात घेऊन स्वयंपाकघरात अम्मीसमोर नाचले. अम्मी म्हणाली, "दूध उतू जाईल, बाजूला हो." झालं, त्या दिवसापासून मला फिजिक्सच पाहिजे होतं.

सीईटीला माझे पर्सेंटाइल असे आले की मावशी स्वतः आमच्या घरी चालत आल्या. पसंती त्यांनीच भरून घेतली, आणि पहिल्याच राउंडला मला पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं. कॉलनीत दंगा! अब्बूंनी शेडमधल्या सगळ्यांना पेढे वाटले, शेजारच्या शेडलाही वाटले. मावशी तर अशा चालत होत्या जणू सीट त्यांनाच लागलीय. आणि नेमकं तेव्हाच मी तोंड उघडलं. म्हटलं, मला जर्मनीत जाऊन फिजिक्स शिकायचंय.

अब्बूंनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "चल, खैरनारताईंकडे."

मावशींनी माझी उलटतपासणी सुरू केली. "कुठलं कॉलेज?" मी विद्यापीठाचं नाव सांगितलं. "कटऑफ किती?"

"फिजिक्सला कटऑफ नाही मावशी. पात्र असलं की सगळ्यांना घेतात."

मावशींचा हात गवारीवर थांबला. "कटऑफ नाही? म्हणजे कुणी जात नाही तिथे?"

"जातात की. जगभरातून जातात."

"फी?"

"जवळजवळ नाहीच."

"कटऑफ नाही, फी नाही! अगं, ते कॉलेज आहे का धर्मशाळा?" त्यांनी अब्बूंकडे बघितलं. "रफिकभाऊ, जिथे कुणालाही आत घेतात तिथे आपली पोरगी पाठवायची? एवढे पर्सेंटाइल काय वाया घालवायला आणलेत हिनं?" आता हसू येतं, पण त्या दिवशी मला रडूच आलं. त्या चुकत होत्या आणि त्यांचं बोलणं आमच्या सगळ्या कॉलनीला, सगळ्या शहराला बरोबर वाटलं असतं. दारात गर्दी नाही म्हणजे आत माल नाही, हे आपल्या हाडांत बसलेलं आहे.

मी वेबसाइट दाखवली. त्यात मावशींना एक ओळ सापडली आणि त्यांचे डोळे चमकले. आपली बारावी तिकडे पुरत नव्हती. इथल्या कॉलेजात एक वर्ष पास होऊन यायचं, मग प्रवेश. "मग सुटला की प्रश्न!" मावशींनी टाळीच वाजवली. "कॉम्प्युटरची सीट घे. ते एक वर्ष पुण्यात कर. तेव्हाही किडा वळवळत असला तर जा बाई फिजिक्सला. इंजिनिअरिंगमधून कुठेही जाता येतं. सीट पण राहिली, फिजिक्स पण राहिलं." अब्बूंच्या चेहऱ्यावर रंग आला. मलाही पटलं. का नाही पटणार? आपल्याकडे इंजिनिअरिंग करून लोक बँकेत जातात, पोलिसात जातात, कीर्तन करतात. फिजिक्स तर घरातलंच.

दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मावशी बसल्या नाहीत. त्यांची आणखी एक खोड होती: कुठलाही नियम कागदावर वाचला तरी खिडकीवरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या खरा मानत नसत. "कागद सगळ्यांसाठी असतो, खिडकी तुझ्यासाठी असते," म्हणायच्या. आणि फोन करायचा तो काउंटर उघडल्या उघडल्या. "तेव्हा साहेब आलेला नसतो, क्लार्क खरं बोलतो." तर त्यांनी जर्मनीच्या विद्यापीठात फोन लावायचं फर्मान काढलं. लावला तर कुणी उचलेना. मग कळलं की तिथलं विद्यार्थ्यांचं काउंटर मंगळवार आणि गुरुवार, सकाळी दोन तास उघडतं. मावशींनी कपाळाला हात लावला. "आठवड्यातून दोन दिवस? तेही दोन तास? आणि मी इथे लग्नाच्या वाढदिवसाला सुद्धा रजा घेतली नाही!"

मंगळवारी लाइन लागलीच नाही. गुरुवारी दुपारी मी मोबाइल घेऊन त्यांच्या ओट्यावर हजर. तोच गुरुवार माझी पुण्याची सीट निश्चित करायचा शेवटचा दिवस होता, संध्याकाळी पाचपर्यंत. पैसे भरायचं, कागद चढवायचं सगळं तयार होतं. एवढा एक फोन झाला की भरून टाकू, असं अब्बू सांगून गेले होते.

तिकडून एक बाई बोलल्या. फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई. इंग्रजी बरं होतं त्यांचं. मी सुरुवात करणार तोच मावशींनी मोबाइल ओढून घेतला आणि त्यांच्या खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, आय ॲम ऑल्सो काउंटर. होल लाइफ काउंटर. प्लीज टेल ओन्ली रूल, नो ओपिनियन."

मग फ्राऊ केलर हसल्या. आणि मग त्या दोघी ज्या सुरू झाल्या! मी मधे दुभाषी म्हणून बसले होते, पण माझी गरज फारशी पडली नाही. मावशी प्रश्न टाकायच्या, केलरबाई कलमासकट उत्तर द्यायच्या, मावशी "करेक्ट, करेक्ट" म्हणायच्या. दोघींना नियमांची सारखीच हौस. दोघी सारख्याच तुसड्या आणि सारख्याच प्रामाणिक. आणि मग मावशींनी तो प्रश्न विचारला: एक वर्ष कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं केलं तर फिजिक्सला चालेल ना?

"नाही," केलरबाई म्हणाल्या. ज्या विषयाचं वर्ष, त्याच विषयाचा प्रवेश. कॉम्प्युटरचं वर्ष केलं तर आमच्याकडे कॉम्प्युटर. फिजिक्सला यायचं तर तिकडचं वर्ष फिजिक्सचंच पाहिजे.

मावशींनी तोच प्रश्न फिरवून, उलटा करून आणखी एकदा विचारला. उत्तर तेच. मग त्यांनी आणखी एक विचारलं, जे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. "मॅडम, नो कटऑफ, देन हाऊ यू सिलेक्ट?" केलरबाईंनी शांतपणे सांगितलं की आम्ही निवडत नाही, परीक्षा निवडतात. पहिल्या वर्षात पुष्कळजण गळतात. एकाच पेपरात तिसऱ्यांदा नापास झालं, की तो विषय या देशात पुन्हा शिकता येत नाही.

मावशींनी "थँक्यू मॅडम" म्हणून फोन ठेवला. मग दुसऱ्या एका विद्यापीठात लावला, कारण एका खिडकीवर त्यांचा विश्वास नसायचा. तिथेही तेच. काका पाणी घेऊन आले, मावशींनी घेतलं नाही. मग उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाल्या, "चल घरी."

अब्बू जेवायला आले होते. मावशी दारातच उभं राहून म्हणाल्या, "रफिकभाऊ, मी चुकीचं सांगितलं."

हे वाक्य कॉलनीत कुणी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. अम्मी पोळपाटावरून उठून बाहेर आली.

"इंजिनिअरिंगमधून कुठेही जाता येतं असं मी म्हटलं. ते आपल्याकडे. तिकडे नाही. तिकडे पहिल्या वर्षी जे धराल तेच. हिनं आज पाचच्या आत पुण्याची सीट घेतली, तर हिचं तिथलं फिजिक्स गेलं. मी तुम्हाला मत दिलं आणि नियम म्हणून दिलं." बोलताना त्यांची नजर खाली होती. मी त्यांना रागावलेलं रोज बघितलं होतं, असं कधी बघितलं नव्हतं.

अब्बूंनी हात धुतला. "ताई, मग फिजिक्स गेलं तर गेलं. हातातली सीट सोडू नका, हे तुम्हीच म्हणता ना? आणि तिकडे तर कुणालाही घेतात."

"घेतात. आणि मग काढतात!" मावशी खाली बसल्या. "मला आज उमगलं ते. आपण चाळणी दारात लावलीय. दारात मारामारी, आत गेल्यावर पोरं झोपतात. त्यांनी चाळणी आत ठेवलीय. दारातून कुणीही या, टिकतो तो राहतो. धर्मशाळा नाही रफिकभाऊ ती, तालीम आहे."

"म्हणजे तिथे नापास झाली तर ना इकडची ना तिकडची."

"हो," मावशी म्हणाल्या. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही.

अब्बू त्यांच्यासमोर बसले. "ताई, तुमची पोरगी असती तर?"

"माझी असती तर भ्याले असते," मावशी म्हणाल्या. "दामटून कॉम्प्युटरला घातली असती. पण मी काउंटरवर बसलेली बाई आहे, तिथे बसून भ्यायचं नसतं. एक सांगू का? इतकी पोरं माझ्यासमोर उभी राहिली, मी प्रत्येकाला पर्सेंटाइल विचारले. काय पाहिजे, ते एकालाही विचारलं नाही. आज आपण हिला विचारू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अब्बूंना त्या निळ्या किसाचं सांगितलं. तो रंग नसतो, नुसती जाडी असते, केसाहून कितीतरी पातळ, आणि ती जाडी डोळ्यांनी रंग म्हणून दिसते. मला असं जे जे आहे ते सगळं कळून घ्यायचंय, म्हटलं.

"एवढ्यासाठी?" अब्बूंनी विचारलं.

"एवढ्यासाठी."

अब्बू हसले का रडले ते मला अजून नक्की सांगता येत नाही. "रोज झाडून टाकतो मी तो कीस," म्हणाले. मग मावशींना म्हणाले, "जाने दो, ताई. सोडा सीट."

सीट सोडायला काहीच करावं लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पैसे भरायचे नाहीत, बटण दाबायचं नाही, नुसतं बसून राहायचं. मावशी आमच्याकडे पाच वाजेपर्यंत बसून राहिल्या. घरी जाऊ शकत होत्या, गेल्या नाहीत. अम्मीनं चहा केला, तो निवला. मधेच एकदा अब्बू उठले तर मावशींनी हातानं खाली बसवलं. पाच वाजले. मावशींनी पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि म्हणाल्या, "गेली बाई. पहिल्या राउंडची कॉम्प्युटर!" आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते आम्हा सगळ्यांनाच लागलं.

बीएस्सीचं पहिलं वर्ष मी नाशिकलाच केलं, फिजिक्स घेऊन. कॉलनीचं तोंड कोण धरणार? "मार्क कमी पडले वाटतं?" "जर्मनीचं निव्वळ निमित्त असेल हो." एकदा भाजीच्या गाडीवर एक काकू असं काही पुटपुटल्या. मावशी कोथिंबिरीची जुडी हातात धरून त्यांच्या अंगावर गेल्या. "हाई काय शे? सीट तिनं सोडलीय, सीटनं तिला नाही सोडलेलं! काउंटरवर मी होते, मला विचार!" मी संध्याकाळी जर्मनचा ऑनलाइन क्लास करायचे, तेव्हा मावशी शेजारी येऊन बसायच्या. त्यांनी एकच शब्द उचलला, 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर. तो त्यांनी इतका चालवला की आमचा दूधवालासुद्धा गेनाऊ म्हणायला लागला.

वर्ष चांगल्या मार्कांनी पास झाले, प्रवेश मिळाला, गेले. मावशींनी फ्राऊ केलरसाठी नाशिकचे बेदाणे दिले होते. मी काउंटरवर पुडी ठेवली, नाव सांगितलं, तर केलरबाईंनी फाईल बाजूला सारून आधी विचारलं, "आणि काउंटर मॅडम कशा आहेत?"

तिथली चाळणी खरोखरच आत होती. पहिल्या सत्राला आमचं सभागृह गच्च भरलेलं असायचं, नाताळनंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. गणिताच्या पेपरात मी पहिल्या झटक्यात नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा! खोलीत बसून ढसाढसा रडले. फोन अब्बूंना करायची हिंमत नव्हती, मावशींना केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती संधी उरल्या?"

"दोन."

"मग रडतेस काय? इथे पोरं चार-चार विषयांत नापास होऊन, केट्या घेऊन इंजिनिअर होतात आणि आपल्याला पूल बांधून देतात. नियम तुझ्या बाजूनं आहे अजून. रड उरकून घे आणि बस अभ्यासाला." मी बसले. दुसऱ्या संधीला तो पेपर निघाला, आणि नुसता निघाला नाही, वरच्या श्रेणीत निघाला. मावशींनी त्या दिवशी ओट्यावर सगळ्यांना पेढे वाटले. केटी सुटल्याचे पेढे कॉलनीत पहिल्यांदाच वाटले गेले असतील.

शेवटच्या वर्षी मला प्रयोगासाठी नमुना घट्ट धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा एक छोटा पकड-तुकडा हवा होता. काम होतं पातळ थरांचं, तेच, निळ्या किसाच्या जातकुळीतलं. विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये मोठी रांग होती आणि मी सुट्टीत घरी येणारच होते. मी ड्रॉइंग काढलं, खाली कोपऱ्यात सही केली आणि अब्बूंना पाठवलं. अब्बूंनी ते छापून शेडच्या टेबलावर पसरलं. मी पोचले तेव्हा तुकडा तयार होता. ड्रॉइंग मात्र त्यांनी परत दिलं नाही; ते अजून शेडमध्ये भिंतीवर आहे. मावशी मुद्दाम बघायला आल्या. सहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "काय हो रफिकभाऊ, इंजिनिअरचीच सही पाहिजे होती ना?"

"नाही ताई," अब्बू म्हणाले, "हिचीच पाहिजे होती."

तोवर मावशी आणि काका देवळ्याला राहायला गेले होते, कांद्याच्या शेतीवर. माझ्या प्रबंधाचं सादरीकरण झालं तेव्हा त्या तिथून व्हिडिओवर हजर होत्या. घरात रेंज नसल्यानं कांदा साठवायच्या चाळीत खुर्ची टाकून बसल्या होत्या, जरीची साडी नेसून. माझं बोलणं झालं, प्रश्न झाले, प्राध्यापकांनी हात मिळवला. तेवढ्यात पडद्यातून आवाज आला, "सर, एक्स्क्यूज मी. व्हॉट रँक?"

प्राध्यापक गोंधळले. आमच्याकडे नंबर नसतात, म्हणाले.

"आय नो. रूल आय नो. बट स्टिल?"

मागच्या रांगेत फ्राऊ केलर येऊन बसल्या होत्या. त्यांनी प्राध्यापकांना हळूच काहीतरी सांगितलं. प्राध्यापकांनी घसा साफ केला आणि पडद्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "आज, पहिला." त्या दिवशी सादरीकरण माझं एकटीचंच होतं, ही गोष्ट त्यांनीही सांगितली नाही आणि मीही नाही. मावशी खुर्चीतून उठून ओरडल्या, "गेनाऊ!" आठवड्याच्या आत सातपूरच्या चौकात माझा हा एवढा मोठा फ्लेक्स लागला: 'जर्मनीत फिजिक्समध्ये पहिला नंबर'. मी घरी आले तेव्हा तोंड लपवत फिरले. तो उतरवायची कुणाची छाती होती?

मावशी या हिवाळ्यात गेल्या. झोपेतच गेल्या. मी सुट्टीवर आलेली होते, दहाव्याला अब्बूंबरोबर देवळ्याला गेले. वाटलं होतं घरातली चार माणसं असतील. तर शेताच्या बांधापासून रस्त्यापर्यंत गाड्याच गाड्या! टकलं पडलेले, ढेरपोटे, केस पिकलेले, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. पुण्याहून आलेले, मुंबईहून आलेले, कोण सातपूरचे, कोण अंबडचे. सगळे त्यांच्या काउंटरवरचे. एकमेकांना कुणी ओळखत नव्हतं. मग एकजण म्हणाला, "मी दुसऱ्या राउंडचा, इलेक्ट्रिकल." शेजारची बाई म्हणाली, "मी पहिल्या. सिव्हिल." बघता बघता सगळा मांडव तशीच ओळख करून द्यायला लागला. कुणी नाव सांगतच नव्हतं. दहाव्याच्या मांडवात लोक हसत होते, डोळे पुसत होते आणि पुन्हा हसत होते.

माझ्याकडे वळून एका पिकल्या केसांच्या माणसानं विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या राउंडच्या?"

"मी कुठल्याच नाही," म्हटलं. "मी सीट सोडली होती."

तो माणूस उठूनच उभा राहिला. "पहिल्या राउंडची कॉम्प्युटर? पुण्याची?"

"हो."

"म्हणजे ती तूच!" तो म्हणाला, आणि मागे वळून सगळ्यांना ओरडून सांगायला लागला, "अरे, ही ती! फिजिक्सवाली!" माणसं खुर्च्या सोडून माझ्याभोवती जमली. प्रत्येकाला ठाऊक होतं. निळा कीस ठाऊक होता, केलरबाई ठाऊक होत्या, पाच वाजेपर्यंत निवलेला चहासुद्धा ठाऊक होता. मावशींनी आम्हा सगळ्यांना सीटा मिळवून दिल्या, तो माणूस म्हणाला, पण गोष्ट सांगायच्या ती फक्त त्या एका सीटची, जी त्यांनी सोडायला लावली. गेल्या वर्षी त्याचा मुलगा बारावी झाला, तेव्हा तो पर्सेंटाइल घेऊन देवळ्याला आला होता. मावशींनी कागदाकडे बघितलंच नाही. पोराला समोर बसवलं आणि आधी विचारलं, काय पाहिजे तुला?

खैरनार काका कोपऱ्यात बसले होते. ते उठले, आत गेले आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले. आयुष्यभर न बोललेला तो माणूस माझ्या डोक्यावर हात ठेवून मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तिच्या लेखी हिची सीट पहिल्या नंबरची."